मामांचा लाल टॅग

मामांच्या घरी लोखंडी कपाटाच्या कडीला एक लाल टॅग लटकत असे. कारखान्यात असतो तसाच, पत्र्याचा. वर कवटी आणि दोन हाडं, खाली हिंदीत ‘आदमी काम कर रहे हैं, चालू न करें’, आणि त्याच्याखाली पांढऱ्या रंगानं मामांचं नाव. कपाटात विजेचं काही काम चाललेलं नव्हतं. तिथं कुरुदच्या घराचे कागद होते. नवा पाहुणा टॅगकडे बघून हसायचा आणि मामा त्याला गंभीरपणे सांगायचे, “काम चालू हाये. मी काढीन तवाच निंघन.” हे काम नेमकं कधीपासून चालू आहे, असं विचारायची मात्र कोणाची छाती होत नसे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. माझ्या आईच्या गावाकडचे, गोंदियाजवळचे, एवढ्या नात्यावर ते माझे मामा झाले, आणि मग कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या गँगचेच झाले. आमच्यातले तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी सगळे त्यांना मामाच म्हणत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला मी त्यांच्या हाताखाली लागलो. सेक्टर २ मध्ये आमची क्वार्टरं समोरासमोर होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराला लागून असलेल्या कुरुदला घर बांधलं आणि मागोमाग मीही त्याच गल्लीत बांधलं, त्यामुळे मामा माझ्या नशिबातून सुटले नाहीत ते नाहीतच.

टॅगचा नियम साधा आहे. मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपल्या नावाचा टॅग अडकवायचा, आणि काम संपलं की ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. साहेब असो की साहेबाचा साहेब, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम आम्ही सगळेच पाळायचो, पण घरी जाताना तो गेटवर ठेवून जायचो. मामा तो सायकलवर टाकून घरी आणायचे. एक बल्ब उडाला तरी अख्ख्या क्वार्टरचा मेन पाडायचे, टॅग लावायचे, टेस्टरनं बघायचे, मग दुसरा दिवा जोडून बघायचे, मग तारेला उलटा हात लावून बघायचे आणि मगच स्टुलावर चढायचे. मे महिन्याची दुपार, पंखे बंद, आणि मामी अंगणात पदरानं वारा घेत बसलेल्या. “बल्ब बदलून राहिले का सरकार बदलून राहिले?” असं त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायच्या.

याला कारण होतं. भिलाईत यायच्या आधी मामा कुठल्याशा लहान मिलमध्ये कामाला होते. तिथं त्यांचा जोडीदार पॅनलमागे शिरला होता आणि आत कोणी नाही असं समजून कोणीतरी स्विच वर केला. त्याला बाहेर ओढलं ते मामांनी. माझ्याशी ते याबद्दल एकदाच बोलले. “लाइन बंद होती रे. बंद होती, अन् मंग नव्हती.” तेव्हापासून बंद असलेल्या लाइनीवरही त्यांचा भरवसा राहिला नाही. आम्ही त्यांची थट्टा करायचो, पण आमच्या गँगमधले सगळे जण धडधाकट निवृत्त झाले ते या माणसामुळे, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्या वेडानं आम्हाला वाचवलं. ज्यांना वाचवायचं होतं त्यांना मात्र नाही.

कुरुद तेव्हा गावच होतं. मामांनी धानाच्या बांधीतला एक लहान तुकडा घेतला आणि पुढे तीन खोल्या, मागे दोन खोल्या असं घर उभं केलं. घर झालं, फरशी बसली, नळ आला, पण सरकारदरबारी ती जमीन शेतीचीच राहिली. शेतीची जमीन घरासाठी लावून घेण्याला इकडे डायव्हर्शन म्हणतात. ते मामांनी केलं नाही, कारण त्याचे नियम बदलणार आहेत असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. “कागदावर माह्या सैपाकघरात अजून धान उभा हाये,” असं ते कौतुकानं सांगायचे.

मुलं तीन. थोरला रायपूरला नोकरीत, धाकट्याचा बोरसीत फ्लॅट, आणि मधली मंदा. मंदाला तुमसरला दिली होती. तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी वर्षश्राद्धाचीही वाट न बघता तिला ट्रंकेसह मामांच्या दारात आणून सोडलं. मामा रडले नाहीत, चिडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीकडे केबल टाकायला लागले. थ्री-फेज कनेक्शन घेतलं, मोटर आणली, पॅनल स्वतःच्या हातानं बनवला आणि मंदाला पिठाची चक्की टाकून दिली. अर्धं कुरुद तिच्याकडे दळण आणायला लागलं. पिठानं भुवयांपर्यंत पांढरी झालेली मंदा आणि दाराशी खुर्ची टाकून डोळे मिटून मोटर ऐकणारे मामा, हे चित्र त्या गल्लीत रोजचं होतं. मध्येच ते डोळे उघडून म्हणायचे, “बेअरिंग बोलून राहिलं, मंदे. ग्रीस दे.” मी इतक्या लोकांच्या घरी बसलो आहे, पण त्या धुरळ्यात बसल्यावर जितकं बरं वाटायचं तितकं कुठेच वाटलं नाही.

त्याच दिवाळीत मामांनी अंगणातून एक पिवळी रेघ ओढली. कारखान्यात चालायच्या वाटेला असते तशी जाड, दोरी लावून, सरळ. दोन्ही मुलं, सुना, नातवंडं जमली होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, “रेघेच्या इकडचं माह्या पोराइचं. तिकडचं मंदाचं. कोनाले काई बोलाचं हाये का?” कोणालाच काही बोलायचं नव्हतं. मुलांनी मान डोलावली, मी साक्षीला होतो. हे फक्त कागदावर आणायचं राहिलं होतं. एवढंच राहिलं होतं.

पण कागद ही मामांच्या दृष्टीनं चालू लाइन होती. सकाळी हिंदी पेपर आला की आधी जमीन आणि रजिस्ट्रीची बातमी शोधायचे आणि सापडली की पेपर घेऊन थेट माझ्याकडे. “पायलं का? पुन्हा बदललं.” आणि खरंच बदललेलं असायचं. जमिनीचे सरकारी दर बदलायचे, बाईच्या नावानं रजिस्ट्री केली तर सूट आहे की नाही ते बदलायचं, नामांतरण, म्हणजे आपला फेरफार, कोण करणार ते बदलायचं. लहान तुकड्यांची रजिस्ट्री कधी बंद असायची, कधी उघडायची. मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा मामा म्हणाले होते की आता राज्य लहान झालं, कायदे जागेवर बसतील. ते बसण्याची वाट बघत मामा बसले. शंकर नगरच्या आमच्या एका मित्रानं तेवढ्यात दोन घरं विकून तिसरं घेतलं.

मी एकदा चिडून म्हटलं, “मामा, मृत्युपत्र तरी करून टाका. त्याला रजिस्ट्री लागत नाही, काही लागत नाही. दोन साक्षीदार आणि तुमची सही.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना ओल्या हातानं पॅनल उघडायला सांगितलं होतं. “मृत्युपत्र चालू कवा होते?”

“तुम्ही गेल्यावर.”

“मंग मी नसतो तवा लाइन चालू करून राहिला तू. गडबड झाली तं टॅग कोन लावन? ज्या कामाले मी हजर नाई, त्या कामावर मी सही करत नसतो.”

गँगमध्ये हेच वाक्य ऐकून आम्ही साहेबांनाही परत पाठवायचो. तेव्हा ते बरोबर असायचं.

मध्ये एक सरकार आलं आणि लहान तुकड्यांची रजिस्ट्री पुन्हा मोकळी झाली. मी मामांच्या मागेच लागलो. अखेर ते तयार झाले. दुर्गला दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो. मंदानं ठेवणीतली साडी नेसली होती, केसांतलं पीठ काढायला सकाळी दोनदा नाहली होती. दस्तवाला जुना माणूस. त्यानं दानपत्र लिहून काढलं, नकाशा जोडला, वाचून दाखवलं. चूक एक नव्हती. मामांनी पेन उघडलं, टोपण मागे लावलं आणि विचारलं, “ये नियम पक्का है क्या?”

दस्तवाला हसला. “चाचा, जब तक ये सरकार है, तब तक तो पक्का ही समझो.”

तो बिचारा गमतीत बोलला. मामांनी टोपण पुन्हा पुढे लावलं. “चाल मंदे,” म्हणाले, “अजून बंद नाई झाली लाइन. उद्या कोनी स्विच वर करन अन् तुह्या हातात कागद जळन.” मी बाहेर रस्त्यावर त्यांच्याशी भांडलो. लोक थांबून बघायला लागले इतका भांडलो. रजिस्ट्री एकदा झाली की ती मागे जात नाही, नियम पुढच्यांसाठी बदलतो, हे मी त्यांना नाना तऱ्हेनं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “पॅनलमांगं गेला त्या पोरालेही असंच सांगतलं होतं. बंद हाये म्हणून.” परत येताना मंदानं रस्त्यात कणीस घेतलं आणि बापाला अर्धं मोडून दिलं.

ती वर्षं अशीच गेली. मामी गेल्या. मामांचे गुडघे गेले. पिवळी रेघ दर दिवाळीला नवी होत राहिली. फक्त आता दोरी मंदा धरायची आणि ब्रश मी चालवायचो.

मग त्यांच्या शेवटच्या वर्षात, मामा आयुष्यभर ज्याची वाट बघत होते ते आलं. घरच्या घरात दान, वाटणी, हक्क सोडणं, याच्या रजिस्ट्रीची फी नावापुरती राहिली. रजिस्ट्री झाली की नामांतरण आपोआप, तहसीलच्या चकरा बंद. मामा पेपर घेऊन काठीशिवाय माझ्या दारापर्यंत आले. त्यांना इतकं आनंदात मी निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. “आता होऊन राहिली बंद! आता हात लावता येते.”

“मग उद्याच जाऊ.”

“उद्या नाई. लाइन बंद झाली का लगेच हात लावत नाई आपन. थोडं थांबाचं. आतली वीज उतरू द्याची.” हेही खरं होतं, मोठ्या मशीनला थांबावंच लागतं. “पोळा झाला का जाऊ.”

पोळा यायच्या आधी, भर पावसाळ्यात, दुसरा नियम आला. शेतीच्या जमिनीतून पाच डिसमिलपेक्षा, म्हणजे सुमारे बावीसशे चौरस फुटांपेक्षा, लहान तुकडा यापुढे पाडता येणार नाही. बेकायदा प्लॉटिंग करणाऱ्यांना आवर घालायला म्हणे. असेल. तो नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. पण मामांचा सगळा प्लॉटच पाच डिसमिलच्या जरा वर होता आणि कागदावर त्यात अजून धान उभा होता. ती बातमी मीच वाचून दाखवली. मामा उठले, टेप घेऊन अंगणात गेले आणि भर पावसात मंदाच्या बाजूचं माप घ्यायला लागले. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. मंदा चक्की बंद करून दारात आली. “बाबा, भिजून राहिले ना तुमी. या ना आत.”

“उघडन पुन्हा,” मामा म्हणाले. “मांगं बी उघडली होती.”

हिवाळ्यात छाती भरली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेलो की ओळख पटताच एकच विचारायचे, “आलं का काई पेपरात?” मी नाही म्हणायचो. डायव्हर्शन करून घेतलं तर अजूनही मार्ग निघेल असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

तेरवी झाल्यावर थोरल्यानं कपाटाचा टॅग एका हिसक्यात काढला आणि कोपऱ्यात टाकला. मंदानं तो उचलून पदरानं पुसला. मुलं वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. दोघांवर कर्ज होतं, दोघांच्या मुलांची शिक्षणं होती. मी रेघ दाखवली. धाकटा म्हणाला, “भाऊ, रेघ मले बी मान्य हाये. पन वो टुकडा अलग होगा ही नहीं ना. नियम ही नहीं है तो हम क्या करें?” तिघांच्या नावावर ठेवलं तर बँक उभं करत नाही, एकाच्या नावावर असलं की सगळं सोपं होतं. घर थोरल्याच्या नावावर करावं, धाकट्यानं आणि मंदानं हक्क सोडावा, राहायला तिला कोण नाही म्हणतं, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

मी मंदाला एकटीला गाठलं. “तुझा तिसरा हिस्सा आहे सगळ्यात. कायद्यानं आहे. तू सही करू नको.”

तिनं चाळणी झटकली. “मले मालूम हाये भाऊ. पन हिस्सा मांगतला का माहेर तुटते. सासर तं अगोदरच गेलं. दोन्ही घरं सोडून मी कोनाच्या दारात जाऊ?”

दुर्गच्या त्याच ऑफिसात गेलो. आता ते ओळखू येत नव्हतं. बसायला खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवणारा बोर्ड, बोटाचा ठसा, फोटो, झालं. फी नावापुरती. कोणी चहापाणी मागितलं नाही, कोणी उद्या या म्हटलं नाही. आम्ही अजून व्हरांड्यात होतो तेवढ्यात थोरल्याच्या मोबाइलवर निरोप आला की नामांतरण झालं. मग मंदाच्या थोरल्या वहिनीनं पिशवीतून साडी काढली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी नेसवायची ही आपली रीत. तिथंच, व्हरांड्यातल्या बाकाशेजारी, तिनं मंदाच्या कपाळाला हळद लावली. कुंकू लावायला गेलेला हात मध्येच थांबला. भावांनी हातात नारळ दिला. रांगेतले लोक बाजूला सरकून बघत होते, कोणीतरी लग्न आहे का म्हणून विचारलं. मी ऑटो आणायला निघून गेलो.

ऑटोत मंदा साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिची घडी नीट करत म्हणाली, “बाबा असते तं किती खुश झाले असते भाऊ. पाह्यलं का, कसं झटकन झालं?”

ती टोमणा मारत नव्हती. ते तिनं अगदी खरं म्हटलं होतं.

उन्हाळा लागायच्या आत घर विकलं गेलं. पुढच्या खोल्या, मागच्या खोल्या, मधली रेघ, सगळं एकत्र. मंदाला एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम आणि वर राहायला खोली मिळाली. तिथं थ्री-फेज नाही. चक्की धाकट्याच्या पार्किंगमध्ये ठेवायची ठरली, आणि कनेक्शन सोडवायला तिनं मला बोलावलं.

मी पोचलो तेव्हा खोली झाडून लख्ख केलेली होती. मेन स्विच तिनं आधीच पाडून ठेवला होता आणि त्याला मामांचा लाल टॅग अडकवला होता. ती म्हणाली, “तुमी तारेले हात लावनार ना. बाबा म्हनाचे, पयले टॅग.”

मी टेस्टरनं बघितलं. दिवा जोडून बघितलं. उलटा हात लावला. मग मामांनी आवळलेला एकेक बोल्ट सैल केला. कुठेही गंज नव्हता. तारा सोडल्या, मोटर मोकळी केली, टेंपोवाल्यानं आणि त्याच्या माणसांनी चक्की उचलून नेली. जमिनीवर तिच्या पायांचे चौकोन राहिले, त्यात तेवढं पीठ होतं. मंदानं ते झाडलं नाही.

काम संपलं. आता टॅग काढायला हवा होता. मी हात वर नेला आणि सवयीनं नाव वाचलं. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. मी मंदाकडे बघितलं.

“राहू द्या,” ती म्हणाली, “त्याइचं काम अजून झालं नाई.” आणि तिनं नव्या मालकाला द्यायची किल्ली माझ्या हातात दिली.